हात पिळणे आणि हात चोळणे : एका इंग्रजी वाक्प्रचाराच्या योग्य वापराचा तौलनिक विचार

इंग्रजी लेखनात चिंतेने व्याकूळ झालेले, काय करावे हे न सुचणारे माणूस आपले हात पिळते. मराठी लेखनात असे माणूस बहुधा हात चोळते. द्वैभाषिक कोशाच्या आधाराने काम करणाऱ्या अनुवादकाला हे दोन वाक्प्रचार एकमेकांचे पर्याय वाटतात आणि तो निश्चिंत मनाने एकाच्या जागी दुसरा ठेवतो. वाचकाचेही त्यामुळे अडत नाही. अनुवादित कादंबरीतील नायिका हात चोळू लागली की ती दुःखात आहे एवढे त्याला कळते. परंतु ते दुःख कशाचे आहे, पुढे येऊ घातलेल्या संकटाचे की हातून निसटून गेलेल्या संधीचे, याबाबत मूळ संहिता एक सांगत असते आणि अनुवाद दुसरे. पात्राच्या मनात भीती आहे की पश्चात्ताप, हा काही किरकोळ छटाभेद नव्हे. त्यावर त्या पात्राच्या नैतिक स्थानाचा निर्णय अवलंबून असू शकतो, आणि निदान एका जगप्रसिद्ध नाट्यप्रवेशात तो तसा अवलंबून आहेच.

प्रथम इंग्रजी वाक्प्रचाराचे रूप पाहणे आवश्यक आहे. भारतीय लेखकांच्या इंग्रजीत तो अनेकदा जिथे चुकतो ती जागा अर्थाच्या आधी वर्णलेखनाची आहे. पिळणे या अर्थाचे क्रियापद आणि घंटा वाजणे या अर्थाचे क्रियापद या दोहोंचा उच्चार आज इंग्रजीत एकच आहे. देवनागरीत दोन्ही ‘रिंग’ असेच लिहावे लागतात. फरक केवळ पहिल्याच्या आरंभी लिहिल्या जाणाऱ्या ‘डब्ल्यू’ या अक्षराचा. जुन्या इंग्रजीत ‘व्रिंगन’ या रूपात हा वर्ण उच्चारला जात असे. पुढे तो बोलण्यातून गेला आणि लेखनात उरला. ज्याने हा वाक्प्रचार कानाने ऐकून शिकला त्याच्या लेखनात म्हणूनच पात्रे हात पिळण्याऐवजी हात ‘वाजवू’ लागतात. चूक हास्यास्पद असली तरी ती केवळ परकीयांची नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्याही लेखनात ती आढळते. या समोच्चाराचा जाणीवपूर्वक केलेला सर्वांत प्रसिद्ध उपयोग इंग्लंडचा प्रधानमंत्री रॉबर्ट वॉलपोल याच्या नावावर सांगितला जातो. 1739 मध्ये स्पेनविरुद्ध युद्ध पुकारले गेले तेव्हा लंडनमध्ये आनंदाने घंटानाद होऊ लागला. युद्धाला मनातून विरोध असलेल्या वॉलपोलने त्यावर म्हटले ते असे की, आज हे लोक घंटा वाजवीत आहेत, लवकरच हात पिळू लागतील. दोन्ही क्रियांना इंग्रजीत एकच ध्वनी आहे, म्हणून हे वचन टिकले. मराठीत ते आणायचे तर अर्थ येतो आणि विनोद जातो. विनोद सोडला तरी या वचनातील एक गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. वॉलपोलच्या बोलण्यातले हात पिळणे येणाऱ्या आपत्तीशी जोडलेले आहे. आपत्ती येईल, तिच्यापुढे उपाय चालणार नाही, आणि त्या असहाय अवस्थेत हात पिळले जातील, असा तो क्रम आहे.

क्रियापदाची भूतकाळी आणि पूर्णकालिक रूपेही ध्यानात ठेवावी लागतात. घंटेचे क्रियापद भूतकाळात ‘रँग’ आणि पूर्णकाळात ‘रंग’ असे बदलते. पिळण्याच्या क्रियापदाला दोन्ही ठिकाणी ‘रंग’ हेच रूप चालते, अर्थात लेखनात आरंभीच्या मूक वर्णासह. चॉसरच्या काळी ही व्यवस्था निराळी होती. ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ या चौदाव्या शतकातील काव्याच्या चौथ्या सर्गात ट्रॉयपासून दूर जावे लागणार हे कळल्यावर क्रिसेड केस ओढते आणि आपली लांब, नाजूक बोटे पुन:पुन्हा पिळते. तेथे चॉसरने वापरलेले भूतकाळी रूप आजच्या वाचकाला ‘चूक’ या अर्थाच्या ‘राँग’ या शब्दासारखे दिसते. हे साम्य पूर्णपणे योगायोगाचे नाही. ‘राँग’ हा शब्ददेखील वाकडे, पिळलेले या मूळ कल्पनेच्या कुळातला मानला जातो. मराठीतही ‘वाकडे पाऊल’ म्हणताना वाकडेपणाला हाच नैतिक अर्थ चिकटलेला असतो.

चॉसरच्या या वर्णनात एक सूक्ष्म गोष्ट आहे. त्याची नायिका हात नव्हे, बोटे पिळते. कृतीचे खरे स्वरूप त्यामुळे नीट कळते. धुतलेले कापड दोन्ही हातांत धरून उलटसुलट पीळ देतात, तसे येथे एक हात दुसऱ्या हाताला, एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांना पीळ देतात. पिळणारे आणि पिळले जाणारे एकच. ज्या शक्तीने बाहेर काही घडवायचे तीच शक्ती येथे स्वतःवर उलटलेली आहे, आणि वाक्प्रचाराचा भावार्थ या देहक्रियेतूनच आलेला आहे. तळहातावर तळहात घासण्याची क्रिया इंग्रजीत पूर्णपणे वेगळी मोजली जाते आणि तिच्यासाठी क्रियापदही वेगळे आहे. तळहात घासणारा माणूस इंग्रजी कादंबरीत थंडीने गारठलेला असतो, नाहीतर लाभाच्या अपेक्षेने खूश झालेला असतो. सावकार सौदा जमला म्हणून तळहात घासतो. विधवा पत्र वाचून हात पिळते. मराठी अनुवादात दोघेही हात चोळतात! एकाच कादंबरीच्या एकाच अनुवादात असे घडले तर वाचकाने सावकार पस्तावला आहे असे समजावे की विधवा आनंदली आहे असे समजावे, हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी अनुवादकाने त्याला उत्तर देणे लागते.

या वाक्प्रचाराच्या व्याकरणात आणखी एक खाच आहे आणि तिच्यात एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांचे अनुवादक सहज अडकू शकतात. ‘हात’ हे अनेकवचन असले आणि ते कर्त्याचेच असले तरच अर्थ चिंतेचा होतो. हात दुसऱ्याचा असला, आणि बहुधा एकवचनी असला, तर तेच क्रियापद उत्कट हस्तांदोलनाचा अर्थ देते. दहा वर्षांनी भेटलेला मित्र मित्राचा हात ‘पिळतो’ म्हणजे तो घट्ट धरून जोराने हलवतो. प्रेमाने, कृतज्ञतेने, क्वचित निरोपाच्या गहिवराने. अशा ठिकाणी मराठीत ‘त्याने मित्राचा हात पिळला’ असे लिहिले तर वाचकाला भांडणाचा भास होईल, कारण मराठीत दुसऱ्याचा हात पिळणे म्हणजे तो पिरगळणे. कान पिळणे हेही शिक्षेचेच. येथे ‘हात घट्ट दाबला’, ‘हात हातात घेऊन गदगदा हलवला’ असे काहीतरी म्हणावे लागेल. मान पिळणे हा तिसरा प्रयोग मात्र दोन्ही भाषांत सारख्याच क्रूरपणे चालतो आणि त्याबाबत अडचण येत नाही.

आता मराठी बाजू. हात या अवयवावर मराठीने जेवढे वाक्प्रचार रचले आहेत तेवढे क्वचितच अन्य शब्दावर रचले असतील. मोल्सवर्थच्या कोशातील किंवा दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’तील या शब्दाचा विस्तार पाहिला की ते पटते. हात टेकणे, हात झटकणे, हात वर करणे, हात आखडणे, हात मारणे, हातपाय गाळणे, हातावर हात ठेवून बसणे, कपाळाला हात लावणे, कानावर हात ठेवणे. या यादीत असहायतेच्या जवळपास सर्व पायऱ्या आहेत. हात टेकणारा प्रयत्न करून थकलेला असतो. हातपाय गाळणारा प्रयत्नाच्या आधीच खचलेला असतो. हातावर हात ठेवून बसणाऱ्याला चिंताच नसते, किंवा असली तरी ती दिसत नाही. हात झटकणारा जबाबदारी नाकारतो. बायबलमधील पिलाताने लोकांसमोर हात धुतले त्या प्रसंगातून निघालेल्या इंग्रजी वाक्प्रचाराला तो जवळचा आहे, हात पिळण्याला नाही. या सर्वांत हात चोळणाऱ्याची जागा वेगळी आहे. त्याच्या बाबतीत घटना घडून गेलेली असते. गाडी सुटली, जमीन दुसऱ्याने घेतली, परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख उलटली. आता हात चोळण्यावाचून काही उरले नाही. त्यात कधी हळहळ असते, कधी दातओठ खाणारा पण काही करू न शकणारा राग असतो. पण काळाची दिशा ठरलेली आहे. हात चोळणारे माणूस मागे पाहत असते.

इंग्रजीतील हात पिळणारे माणूस बहुधा घटनेच्या मधोमध उभे असते. आजारी मुलाच्या खाटेशी बसलेली आई, बुडत्या जहाजाकडे किनाऱ्यावरून पाहणारे नातलग, निकालाची वाट पाहणारा आरोपी, ही या वाक्प्रचाराची नेहमीची माणसे. मृत्यूनंतरच्या शोकातही तो येतो, परंतु तेथेही सूर पश्चात्तापाचा नसतो. असह्य वर्तमानाचा असतो. ‘मी तेव्हा असे करायला हवे होते’ हे वाक्य हात चोळण्याबरोबर शोभते, हात पिळण्याबरोबर त्याची गरज नसते.

या भेदाची खरी कसोटी ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकातील चौथ्या प्रवेशात लागते. हॅम्लेट आईच्या दालनात आला आहे. पडद्यामागे लपलेल्या पोलोनिअसला त्याने नुकतेच ठार केले आहे. गर्ट्रूड हात पिळीत आहे. हॅम्लेट तिला ते थांबवून खाली बसायला सांगतो आणि म्हणतो की, पिळायचेच असेल तर मी तुझे हृदय पिळीन. हातांसाठी आणि हृदयासाठी शेक्सपिअरने एकच क्रियापद वापरले आहे, आणि त्या एका क्रियापदावर सबंध प्रवेशाची गती तोललेली आहे. बाहेरचा, दिसणारा, जवळपास रूढ झालेला शोक बाजूला सारून आतल्या खऱ्या वेदनेकडे राणीला नेणे हे पुढील शंभरेक ओळींचे काम आहे, आणि त्याची सूचना या पुनरुक्त क्रियापदाने दिली आहे.

आगरकरांच्या ‘विकारविलसित’पासून (1883) पुढे ‘हॅम्लेट’ मराठीत आणणाऱ्या कोणालाही या जागेवरून जावे लागते. येथे ‘हात चोळणे’ हा हाताशी असलेला वाक्प्रचार वापरला तर दोन गोष्टी घडतात. पहिली उघड आहे : हात चोळले जातात, हृदय चोळले जात नाही, म्हणून क्रियापदाची पुनरुक्ती तुटते आणि हॅम्लेटच्या उद्गाराची धार जाते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आणि तितकी डोळ्यांवर न येणारी आहे. ज्या क्षणी गर्ट्रूड हात चोळते त्या क्षणी ती मराठी वाचकाच्या दृष्टीने पस्तावलेली स्त्री होते. तिने कशाचा पस्तावा करावा? पोलोनिअस तिने मारलेला नाही. उरतो तो पहिल्या पतीचा मृत्यू आणि दिराशी केलेला विवाह. म्हणजे हॅम्लेटने तिच्यापुढे दोन भावांची चित्रे धरण्याआधीच, तिला तिचे मन दाखवण्याआधीच, ती मनातून अपराध ओळखून बसली आहे असे एका वाक्प्रचाराने सुचवले जाते.

राणीला पहिल्या राजाच्या हत्येची माहिती होती काय, हा ‘हॅम्लेट’च्या समीक्षेतील जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे. 1603 च्या पहिल्या क्वार्टोत याच प्रवेशात ती हत्येबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असे शपथेवर सांगते. नंतरच्या क्वार्टोत आणि 1623 च्या फोलिओत तो खुलासा नाही. तेथे संहिता तिच्या मनाबद्दल मौन पाळते. हे मौन शेक्सपिअरचे असो वा मुद्रणपरंपरेचे, रंगभूमीवर प्रत्येक अभिनेत्रीला ते आपल्या परीने भरून काढावे लागते. तिचे हात पिळणे तसेच ठेवले तर ती नुकत्याच घडलेल्या हत्येने भेदरलेली आहे असेही म्हणता येते, मुलाच्या वेडाने घाबरलेली आहे असेही, आणि मनात काहीतरी सलते आहे असेही. हात चोळायला लावले की या शक्यतांतील एकच उरते. अनुवादकाने टीकाकाराचे काम न सांगता आणि बहुधा न कळत उरकलेले असते.

यावर तोडगा मराठीतच आहे. मराठी हात चोळते हे खरे, पण काळीज ती पिळवटते. ‘काळीज पिळवटून निघणे’, ‘आतडी पिळवटणे’ हे प्रयोग बोलीपासून ग्रंथभाषेपर्यंत सर्वत्र रुळलेले आहेत. म्हणजे शेक्सपिअरच्या क्रियापदजोडीतला दुसरा, अधिक अवघड अर्धा भाग मराठीला आयता मिळतो. जुळवून घ्यायचे ते पहिल्या अर्ध्याशी. ‘हात पिळवटणे’ हा मराठीत रूढ वाक्प्रचार नाही, परंतु तो दुर्बोधही नाही. ‘पिळणे’ आणि ‘पिळवटणे’ यांत मराठी कान फरक करतो : पहिले हाताचे, कपड्याचे, उसाचे काम, दुसऱ्यात वेदना आधीच मिसळलेली. म्हणूनच ‘हात पिळू नकोस’ म्हटले तर कुस्तीची आठवण होते, ‘हात पिळवटू नकोस’ म्हटले तर होत नाही. संवादात लगेच काळजाचा उल्लेख येणार असल्याने वाचकाला दिशा मिळते आणि थोडे अपरिचित वाटलेले पहिले क्रियापद दुसऱ्याच्या आधाराने मागाहून उजळते. रूढीची मर्यादा एवढी ओलांडण्याचा अधिकार नाट्यानुवादाला असायला हवा.

ज्याला इंग्रजी वाक्प्रचार पूर्णपणे निरागस, गंभीर शोकाचा वाटतो त्याने शेक्सपिअरच्याच ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’तील लाँसचे स्वगत पाहावे. दुसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात हा सेवक घर सोडून निघताना झालेला आकांत सांगतो : आई रडत होती, बाप विलाप करीत होता, बहीण अश्रू ढाळीत होती, मोलकरीण ओरडत होती, आणि घरातले मांजर हात पिळीत होते. एवढे सगळे होऊनही त्याच्या कुत्र्याच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही, हे त्याचे दुःख. मांजराला हात नसतात, पंजे असतात, आणि ते पिळता येत नाहीत. विनोद निर्माण होतो तो शोकाची चिन्हे ठरलेल्या क्रमाने येतात या प्रेक्षकाच्या ज्ञानावर. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीसच हात पिळणे ही इंग्रजीत इतकी ठरीव खूण झाली होती की ती मांजराच्या गळ्यात बांधून हसता येत होते. आजच्या इंग्रजी कथालेखनात चिंतेच्या प्रत्येक प्रसंगी पात्राला हात पिळायला लावणाऱ्या नवलेखकांना संपादक जी हरकत घेतात ती काही नवी नाही. लाँसने ती आधीच घेतली आहे. वाक्प्रचार बिनचूक वापरणे आणि तो योग्य जागी वापरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी कोशात पाहून साधत नाही.

भारतीय परंपरेत या देहक्रियेला कोणते स्थान आहे? नाट्यशास्त्रात हस्ताभिनयाचा विचार मोठ्या तपशिलाने केलेला आहे. एका हाताच्या 24 आणि दोन हातांच्या 13 मुद्रा भरताने सांगितल्या आहेत. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवण्याची ‘कर्कट’ ही मुद्रा त्यांत आहे, पण तिचा विनियोग चिंतेसाठी नाही. आळोखेपिळोखे देणे, जांभई, झोपेतून उठणे, शंख धरणे अशा गोष्टींसाठी आहे. विषाद, मूर्च्छा, आवेग, व्याधी यांसाठी भरताने ‘दोल’ सांगितला, आणि दोल म्हणजे खांदे सैल सोडून खाली लोंबकळणारे हात. भय आणि थंडी दाखवण्यासाठी स्त्रीपात्रांनी ‘कपोत’ हस्त छातीशी धरून कापरा ठेवावयाचा. भारतीय नाट्यशास्त्राच्या दृष्टीने दुःखाने हात गळतात किंवा थरथरतात. ते एकमेकांना पीळ देत नाहीत. ‘हातपाय गाळणे’ या मराठी वाक्प्रचाराशी दोल हस्ताचे नाते जोडण्याचा मोह होतो. ते ऐतिहासिक नाते आहे असे म्हणण्यास आधार नाही, पण दोहोंमागची देहकल्पना एक आहे.

हातावर हात दाबण्याची, घासण्याची क्रिया संस्कृत साहित्यात आहे. मात्र ती क्रोधाची आहे. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या प्रसंगी भीम ओठ थरथरत, हातावर हात रगडीत दुःशासनाचे रक्त पिण्याची प्रतिज्ञा करतो. क्रिया बाहेरून पाहता क्रिसेडच्या क्रियेपासून फार दूर नाही. दोघेही त्या क्षणी काही करू शकत नाहीत. तरी भीमाचे हात भविष्याला धमकी देतात आणि क्रिसेडचे हात भविष्याला शरण जातात. देहभाषा सर्व मानवांना समान असते, असे सरसकट विधान करणाऱ्यांनी ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

आधुनिक भारतीय भाषांकडे वळले की चित्र अधिक रंजक होते, आणि मराठीबाहेरच्या विद्यापीठांत मराठी शिकवणाऱ्यांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. हिंदीत ‘हाथ मलना’, विशेषतः ‘हाथ मलते रह जाना’, हे मराठी हात चोळण्याशी जवळजवळ तंतोतंत जुळते. गेलेल्या संधीची हळहळ. उर्दूत ‘कफ़-ए-अफ़सोस मलना’ म्हणतात, म्हणजे खेदाचे तळहात चोळणे. भावनेचे नावच वाक्प्रचारात घातल्यामुळे गैरसमजाला जागा नाही. गुजरातीत हात घसतात, अर्थ तोच. बंगालीत मात्र ‘हात कचलानो’ म्हणजे वरिष्ठापुढे ओशाळे हसत तळहात चोळणे, लांगूलचालन करणे. तमिळमध्ये ‘कैयैप् पिसैदल्’ असा प्रयोग आहे. पिसैदल् म्हणजे कणीक मळावी तसे मळणे. काय करावे हे न सुचून हात मळीत उभे राहणे असा त्याचा अर्थ, आणि इंग्रजी वाक्प्रचाराला भारतीय भाषांतील हा बहुधा सर्वांत जवळचा प्रतिशब्द ठरावा. कन्नडात ‘कै कै हिसुकिकोळ्ळु’, हातात हात घेऊन आवळणे, हा प्रयोग असहायता आणि हळहळ या दोन्हींसाठी चालतो. उत्तरेकडे घासण्या-चोळण्याची क्रियापदे आणि दक्षिणेकडे मळण्या-आवळण्याची, अशी एक रेषा येथे दिसू लागते. एवढ्या थोड्या दाखल्यांवरून सिद्धांत मांडू नये. पण हैदराबाद, बंगळूर किंवा चेन्नई येथे एखाद्या तमिळ वा कन्नड कथेचा मराठी अनुवाद इंग्रजीच्या मध्यस्थीने होतो तेव्हा काय घडत असेल याची कल्पना करता येते. तमिळ पात्र हात मळते, इंग्रजीत ते हात पिळते, येथवर फारसे काही बिघडत नाही. मराठीत आल्यावर मात्र ते हात चोळू लागते आणि ज्या प्रसंगाचा शेवट अजून व्हायचा आहे त्याचा शोक आधीच सुरू होतो.

बंगाली प्रयोगाच्या संदर्भात डिकन्सचा उरिया हीप आठवल्यावाचून राहत नाही. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील (1849-50) हा कारकून आपले लांब, सुकटलेले तळहात एकमेकांवर असे रगडतो की जणू ते पिळून कोरडे आणि उबदार करायचे आहेत, आणि अधूनमधून रुमालाने पुसतो. पिळणे आणि घासणे यांच्या मधोमध असलेली ही क्रिया डिकन्सने मुद्दाम कोणत्याच रूढ वाक्प्रचारात बसू दिलेली नाही. ती चिंतेची नाही, आनंदाची नाही. खोट्या नम्रतेची आहे. तिला रूढ वाक्प्रचारात कोंबले तर हीप हरवतो. बंगाली अनुवादकाला येथे ‘कचलानो’ हा नेमका शब्द मिळतो. मराठी अनुवादकाला क्रियेचे वर्णनच करावे लागते, आणि तेच बरे.

युरोपीय भाषांतही एकवाक्यता नाही. फ्रेंच हात पिळते, इंग्रजीप्रमाणेच. रशियन माणूस हात ‘मोडते’. शब्दशः अनुवाद केला तर मराठीत एकतर अपघात होतो किंवा, बोटांपर्यंत खाली आणले तर, शिव्याशाप, कारण मराठीत कोणाच्या नावाने बोटे मोडणे म्हणजे त्याला शाप देणे. जर्मनमधील क्रियापद इंग्रजीचे सख्खे भावंड आहे, त्याचा मुख्य अर्थ कुस्ती खेळणे, झुंजणे असा झाला आहे, आणि हात पिळणे या प्रयोगावरून तयार झालेले जर्मन क्रियाविशेषण आज ‘निकडीने’ या अर्थाने नोकरभरतीच्या जाहिरातींत वापरले जाते. हात पिळीत कारागीर शोधणारा तो कारखानदार रडत नसतो. त्याला माणसे हवी असतात, एवढेच.

इंग्रजीतला बदल निराळ्या दिशेने झाला. क्रियापदापासून बनलेले ‘हँड-रिंगिंग’ हे जोडनाम, जे संयोगचिन्हासह लिहावे, आज मुख्यतः वृत्तपत्रांचे आणि राजकीय वादाचे आहे आणि त्यात निंदा आहे. प्रश्नावर चिंता व्यक्त करायची, परिषदा भरवायच्या, निवेदने काढायची आणि कृती करायची नाही, असा आरोप त्यातून केला जातो. आरोप ढोंगाचा नसतो हे महत्त्वाचे. नक्राश्रू ढाळणाऱ्याला दुःख झालेलेच नसते. या नामाने ज्याला हिणवले जाते त्याची चिंता खरी असते, फक्त वांझोटी असते. म्हणून ‘नक्राश्रू’ हा त्याचा मराठी पर्याय चुकीचा आहे. तसेच ‘आमच्या संस्थेने या प्रश्नावर पुष्कळ हात पिळले’ असे कोणी इंग्रजी अहवालात अभिमानाने लिहिले तर तो अभिमान वाचणाऱ्याला उपरोध वाटेल. स्वतःबद्दल हे नाम वापरायचे तर कबुलीच्या सुरातच वापरता येते. क्रियापदात सहानुभूती शिल्लक आहे. नामातून ती निघून गेली आहे. एकाच वाक्प्रचाराची दोन व्याकरणिक रूपे अशी भावनेने विभागली जावीत हे इंग्रजीतही फार नित्याचे नाही, आणि परभाषिक लेखकाला हा भेद कोशातून सहसा कळत नाही.

याच ठिकाणी मराठी ‘हात चोळत बसणे’ला अनपेक्षितपणे पुन्हा प्रवेश मिळतो. या प्रयोगातील निंदा ‘चोळणे’ या क्रियापदात नाही, ‘बसणे’ या सहायक क्रियापदात आहे. ‘रडत बसणे’, ‘वाट पाहत बसणे’, ‘बोलत बसणे’ यांत मराठी जी निष्फळ सातत्याची छटा आणते तीच येथे आहे. म्हणजे इंग्रजी क्रियापदासाठी गैरलागू ठरलेला हा मराठी वाक्प्रचार इंग्रजी नामाच्या बराच जवळ जातो. अडसर उरतो तो फक्त काळाचा. नदीचे पाणी चढत असताना अधिकारी नुसते चिंतातुर होऊन चर्चा करीत राहिले, असे इंग्रजी वाक्य असेल तर मराठीत ‘हात चोळत बसले’ म्हणता येणार नाही. पूर ओसरल्यावर म्हणता येईल. पाणी चढत असतानाच्या अधिकाऱ्यांसाठी ‘नुसती काळजी वाहत बसले’ हे पुरेसे आहे. त्यात हात नाहीत, पण ‘बसले’ आहे, आणि वाक्याला लागणारी बोच तिथूनच येते. काळजी ‘वाहणे’ या प्रयोगात ओझ्याची कल्पना असल्यामुळे चिंता खरी होती हेही त्यात राहते, जे मूळ इंग्रजी नामालाही मान्य आहे.

कथात्म गद्यात, जेथे क्रिया खरोखर दिसायला हवी तेथे, अनुवादकाला आणखी एक मार्ग मोकळा आहे. मराठी कथा-कादंबरीतील स्त्री चिंतेत असताना पदराचे टोक पिळते, बोटाभोवती गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. पिळण्याची क्रिया तेथे आहेच. फक्त ती हातांवरून वस्त्रावर गेली आहे. परंतु ही सोय नऊवारी-सहावारीच्या जगापुरती आहे. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील गव्हर्नेसच्या हाती पदर देता येत नाही. तिच्या हाती रुमाल, फार तर हातमोजे असतात. तो रुमाल मूळ लेखकाने दिलेला नसेल तर अनुवादकाने स्वतःहून द्यावा काय, याचे उत्तर प्रत्येक संहितेगणिक वेगळे असेल. जेथे हात नुसते वातावरणनिर्मितीसाठी पिळले जातात तेथे ‘ती कासावीस झाली’ एवढ्यावर भागते. गर्ट्रूडच्या बाबतीत ते भागत नाही, कारण हॅम्लेटला ते हात दिसले पाहिजेत.